रात्रीच्या जीपचे भाडे

मनाचा आजार रात्री-बेरात्री उसळला, तर बीड जिल्ह्यातल्या खेड्यातल्या कुटुंबाने जायचे कुठे, कशाने आणि कुणाच्या पैशाने? कायद्याने याचे उत्तर २०१७ सालीच दिले आहे. तिजोरीने मात्र अजून पूर्ण दिलेले नाही.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. गावातल्या निम्म्या घरांना कुलपे होती. माणसे ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली, मागे म्हातारेकोतारे आणि शाळेची पोरे. बालाघाटाच्या डोंगरकडेच्या त्या गावात मी एका नातेवाइकाकडे मुक्कामाला होतो. रात्री एकच्या सुमारास शेजारच्या वस्तीवरून ओरडा ऐकू आला. कंदील-बॅटऱ्या घेऊन माणसे धावली, त्यांच्यामागे मीही गेलो.

वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा अंगणात उभा होता. तीन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. विहिरीतून कुणीतरी आपल्याला हाका मारते आहे असे तो सांगत होता, आणि कुणी जवळ गेले की दगड उचलत होता. शेवटी चौघांनी त्याला धरले आणि धोतराच्या पट्टीने हात बांधले. आजी लिंबू उतरवत होती. कुणी म्हणाले, बाहेरचं आहे, पहाटे देवऋष्याकडे न्या. कुणी म्हणाले, पोलीस ठाण्यात नेऊन बसवा, तिथं गप बसंल. आई एका कडेला उभी राहून एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती, "त्याला मारू नका हो, त्याला कळंना झालंय."

अखेर दवाखान्यात न्यायचे ठरले. गावात एकच जीप होती. जीपवाला म्हणाला, "येड्याला न्यायचं म्हणल्यावर तीन हजार. काच फुटली तर त्याची भरपाई अलग." बापाने शेजाऱ्याकडे पाहिले आणि दोन शेळ्यांचा सौदा तिथल्या तिथे, अंधारात झाला. मी मधेच म्हणालो, "अहो, १०८ ला फोन करा की, ती गाडी फुकट येते." त्यावर बापाने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. "ती बाळंतिणीची गाडी हाय," तो म्हणाला. "अपघाताला येती, साप चावला तर येती. याला कशी यील?"

अंगणातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. खरे सांगायचे तर त्या वेळी मलाही उत्तर ठाऊक नव्हते.

मुलगा आधी तालुक्याच्या ठिकाणी गेला. तिथून 'पुढे न्या' असे सांगितले गेले. पुढच्या मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत उजाडले. तिथे एका तरुण डॉक्टरने त्याला इंजेक्शन दिले, बांधलेली पट्टी सोडली, आणि तीन दिवसांनंतर तो मुलगा पहिल्यांदा झोपला. त्या इंजेक्शनची किंमत जीपच्या भाड्यापुढे किरकोळ होती. औषध स्वस्त, आणि औषधापर्यंतचा रस्ता मात्र दोन शेळ्यांचा. या लेखाचा विषय तो रस्ता आहे.

कायदा काय म्हणतो?

त्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर शोधले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संसदेने मंजूर केला आणि २०१८ साली तो लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमात लिहिले आहे, की मानसिक आजार असलेल्या माणसाला रुग्णवाहिकेची सेवा शारीरिक आजाराच्या रुग्णाला मिळते तशीच, तेवढीच आणि त्याच दर्जाची मिळाली पाहिजे. तातडीच्या उपचारांबाबतही तेच. म्हणजे बाळंतीण, सर्पदंश झालेला शेतकरी आणि विहिरीतल्या हाका ऐकणारा तो मुलगा हे तिघेही कायद्याच्या लेखी एकाच रांगेत उभे आहेत. १०८ ची गाडी त्याचीही होती. अंगणातल्या एकालाही ते ठाऊक नव्हते, एवढेच.

याच कायद्याचे चौऱ्याण्णवावे कलम सांगते, की जिवाला धोका असेल, रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करील अशी स्थिती असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर त्याच्यावर तातडीचे उपचार करू शकतो, रुग्णालयात किंवा रुग्ण असेल तिथे. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ येईपर्यंत थांबायची गरज नाही. हे उपचार बहात्तर तासांपर्यंत करता येतात. शंभरावे कलम पोलिसांसाठी आहे. असा माणूस पोलिसांच्या ताब्यात आला, तर त्याला लवकरात लवकर, जास्तीत जास्त चोवीस तासांच्या आत, सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवायचे नाही. पंच्याण्णवावे कलम साखळदंडाला मनाई करते. त्या मनाईमागे एक भीषण आठवण आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रमाला आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण पळता न आल्याने जळून गेले.

महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी एक पाऊल टाकले होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे आणि मारहाण करणे हा गुन्हा ठरवला गेला.

कायद्यांचा असा दुष्काळ आपल्याकडे नाही. दुष्काळ आहे तो कायद्यातले वाक्य वस्तीवरच्या अंगणापर्यंत पोचवणाऱ्या माणसांचा, गाड्यांचा आणि पैशांचा.

डॉक्टर आधी का हवा?

अशा वेळी पोलीस किंवा देवऋषी यांच्याआधी डॉक्टर का, असा प्रश्न एखाद्या वाचकाला पडेल. याचे उत्तर माणुसकीचे आहेच, पण त्याआधी ते वैद्यकीय आहे. अचानक बडबडू लागलेला, ओळख विसरलेला किंवा अंगावर धावून येणारा माणूस दर वेळी 'वेडा' झालेला असतोच असे नाही. मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकदम उतरली तरी तो असाच वागतो. रोज दारू पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, तर दोन-तीन दिवसांत त्याला नसलेली माणसे दिसू लागतात, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. मेंदूत ताप गेलेला असू शकतो, डोक्याला मार लागलेला असू शकतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काही स्त्रियांना तीव्र भ्रम होतो. सासरची माणसे त्याला 'बाळंतिणीला लागीर झालं' म्हणतात. डॉक्टर त्याला तातडीची अवस्था म्हणतात, कारण त्यात आई आणि बाळ दोघांचेही प्राण धोक्यात येतात. योग्य उपचार झाले तर अशा बहुतेक बाया बऱ्या होऊन लेकराला मांडीवर घेतात.

या सगळ्यांना एकच दोर लावला, तर त्यातले काही जण त्या दोरातच मरतील. साखर तपासायला एक मिनिट लागते. ते एक मिनिट कुणीतरी द्यायला हवे.

पोलिसांवर मात्र सगळा राग काढू नये. रात्री दोन वाजता वस्तीवर यायला दुसरे कुणी तयार नसते म्हणून लोक पोलिसांना बोलावतात. ठाण्यातल्या हवालदाराला चोर पकडायचे शिकवलेले असते. भेदरलेल्या मुलाशी कसे बोलावे हे त्याला कुणी शिकवलेले नसते. आरोग्य खात्याने जी जागा मोकळी सोडली, ती त्याच्या गळ्यात पडते.

जालन्याहून हैदराबादला

ही जागा मोकळी का राहिली याला थोडा इतिहास आहे. महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. चौघांच्या मंजूर खाटा मिळून ५,६९५, त्यातल्या २,५४० एकट्या येरवड्याच्या. यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. ही चारही रुग्णालये इंग्रजी अमलाखालच्या मुलखात उभी राहिली, आणि मराठवाडा होता निजामाच्या राज्यात. गंमत अशी, की निजामाच्या राज्याचे मनोरुग्णालय जालन्यातच होते. ते १९५३ साली हैदराबादला हलवण्यात आले. पुढे भाषावार प्रांतरचना झाली. मराठवाडा मुंबईकडे आला आणि रुग्णालय हैदराबादेत राहिले. जालन्यात पुन्हा मनोरुग्णालय उभारायला राज्य सरकारने मंजुरी दिली, ती सुमारे सत्तर वर्षांनी.

बीड जिल्ह्याचे नशीब एका बाबतीत तरी चांगले. अंबाजोगाईला १९७४ साली स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खेड्यासाठी म्हणून खेड्यांच्या मधोमध काढलेले ते महाविद्यालय, आणि तिथे मानसोपचार विभाग आहे. पण जिल्हा अकरा तालुक्यांचा. आष्टीच्या माणसाला अंबाजोगाईच काय, बीडपेक्षाही नगर जवळ पडते. गेवराईचा माणूस छत्रपती संभाजीनगरची वाट धरतो. आणि येरवड्याला न्यायचे म्हटले, तर बीडपासून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरचा पल्ला. तिथे पोचलेला रुग्ण घरच्यांना पुन्हा भेटेल का, ही धास्ती वेगळीच.

मोठे रुग्णालय हवेच. पण मोठ्या रुग्णालयाने त्या रात्रीचा प्रश्न सुटत नाही. त्या रात्रीचा प्रश्न सुटतो तो पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये.

माणशी सव्वातीन रुपये

आता पैशाकडे वळू. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकात बेल्लारी जिल्ह्यात एक प्रयोग झाला. प्राथमिक केंद्रांतले साधे डॉक्टर आणि कर्मचारी यांना शिकवून मनोविकारांवरचे उपचार गावाजवळ करता येतात, हे त्यातून दिसले. त्याच धर्तीवर १९९६ साली देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात या कार्यक्रमासाठी एका जिल्ह्याला वर्षाकाठी जास्तीत जास्त ८३ लाख २० हजार रुपयांपर्यंत मदत ठरली होती. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार. भागाकार करून पाहा. वर्षाला माणशी सव्वातीन रुपये. रुग्णालयांचा आणि पगारांचा खर्च वेगळा होतो हे मान्य. तरीही जिल्ह्याच्या मनासाठी म्हणून खास बाजूला काढलेली रक्कम एका अर्ध्या चहाचीसुद्धा नाही.

केंद्राच्या २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात मानसिक आरोग्यासाठी थेट दाखवलेली रक्कम सुमारे ९१९ कोटी होती, आरोग्य खात्याच्या एकूण रकमेत शंभरातला जेमतेम एक रुपया. त्यातलेही ७२१ कोटी बंगळूरच्या 'निम्हान्स' या एका राष्ट्रीय संस्थेचे. 'टेलिमानस' या दूरध्वनी सेवेला १३४ कोटी. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६, तो घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवावा असा आहे. दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. परंतु फोनवरचा आवाज धीर देतो, सल्ला देतो. तो सुई टोचू शकत नाही की रुग्णाला उचलून गाडीत घालू शकत नाही. आवाजाच्या मागोमाग गाडी यायला हवी.

गाडी तर आपल्याकडे आहे. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, आणि तिचे वैशिष्ट्य म्हणजे गाडीत डॉक्टर असतो. नवी यंत्रणा शून्यातून उभारायची नाही. आहे त्या गाडीतल्या डॉक्टरला आणि मदतनिसाला भेदरलेल्या माणसाशी बोलायला शिकवायचे, पेटीत दोन-चार औषधे वाढवायची, फोन घेणाऱ्याला 'हाही आमचाच रुग्ण' अशी लेखी सूचना द्यायची. याला कोट्यवधी लागत नाहीत.

ज्यांनी करून पाहिले

शेतकरी आत्महत्यांच्या काळजीतून राज्य सरकारने २०१५ साली 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत, त्यांत बीडही आले. आशाताईंनी घरोघर जाऊन विचारपूस करायची, खचलेला माणूस हेरायचा, समुपदेशनापर्यंत न्यायचा, अशी कल्पना. कल्पना उत्तमच होती. जिच्याकडे बाळाच्या लसीची वही असते, तिलाच घरातल्या गप्प झालेल्या माणसाची खबर असते.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' या प्रकल्पाने हेच काम जरा जास्त नेटाने केले. गावातलेच कार्यकर्ते तयार केले, त्यांच्यामागे समुपदेशक आणि त्यांच्यामागे डॉक्टर अशी उतरंड लावली. सुरुवातीला नैराश्याने ग्रासलेल्या शंभरांतले चार जण कुणाकडे तरी उपचाराला गेलेले होते. दीड वर्षाने हा आकडा सत्तावीसवर गेला. हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'च्या मानसोपचार नियतकालिकात छापून आले. चारावरून सत्तावीस! कापसाच्या मुलखात, आपल्यासारख्याच माणसांत.

परदेशातही एक उदाहरण आहे, आणि ते धडा म्हणून दोन्ही बाजूंनी पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या यूजीन या गावात १९८९ पासून 'कहूट्स' नावाची गाडी फिरत असे. मन बिघडल्याचा फोन आला की पोलिसांऐवजी एक आरोग्य कर्मचारी आणि एक समुपदेशक त्या गाडीतून जात. शस्त्र नाही, बेड्या नाहीत. या गाडीचा लौकिक एवढा झाला, की मोठमोठ्या शहरांनी तिच्यावरून आपल्या योजना आखल्या. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये यूजीनमधली ती सेवा पैशाअभावी बंद पडली. छत्तीस वर्षांची पुण्याई अंदाजपत्रकाच्या एका ओळीवर टिकून होती. ती ओळ अपुरी पडली आणि गाडी थांबली. चांगुलपणाने सेवा सुरू होते, चालते मात्र दरसालच्या तरतुदीवर.

कोयत्याबरोबर गोळीही जावी

बीडचा म्हणून आणखी एक प्रश्न आहे, तो पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांच्या सहज लक्षात येणार नाही. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातली लाखो माणसे सहा महिन्यांसाठी निघून जातात, सांगली, कोल्हापूर, पलीकडे कर्नाटकापर्यंत. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा कोयता ठरलेला असतो. ज्याची गोळी बीडच्या रुग्णालयातून चालू आहे, त्याची गोळी कोपीवर महिन्या-दीड महिन्यात संपते. झोप उडते. आजार उसळतो तो अनोळखी मुलखात, उसाच्या फडात, जिथे बोली वेगळी आणि कागद बीडला राहिलेला. मग त्याला दारुडा म्हणून मारतात नाही तर गाडीत घालून परत पाठवतात.

ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. कारखान्यांकडून उसाच्या टनामागे दहा रुपये आणि तेवढीच सरकारची भर, असा त्याच्या पैशाचा मार्ग २०२१ साली ठरला. या पैशातला थोडा वाटा दसऱ्याआधीच्या एका मानसिक आरोग्य तपासणीला, सहा महिन्यांच्या औषधांच्या सोयीला आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात चालेल अशा एका कार्डाला का मिळू नये? टनामागचा दहा आण्यांचा हिस्सासुद्धा पुरेल. बैलाला चारा बरोबर नेतात, माणसाला गोळी बरोबर नेता आली पाहिजे.

मागणी कुणाकडे करायची?

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसाची कहाणीही याच अंगणातली आहे. 'पोलीस केस होईल' या भीतीने घरचे लोक अजूनही खरे कारण लपवतात. वास्तविक २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानले आहे आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंड संहितेतले ३०९ कलमच नाही. सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच काय तो गुन्हा उरला आहे. तेव्हा दवाखान्यात खरे सांगावे. आणि दवाखान्यानेही शरीर वाचवून घरी सोडण्याआधी त्या माणसाशी कुणीतरी बसून बोलेल एवढी व्यवस्था ठेवावी. पुढचा आठवडा-पंधरवडा फार नाजूक असतो. आशाताईला प्रत्येक बाळंतपणामागे, लसीकरणामागे मोबदला मिळतो. अशा घरी सातव्या दिवशी दिलेल्या एका भेटीचा मोबदलाही त्याच यादीत बसू शकेल.

जिल्हा नियोजन समितीची बैठक दरवर्षी होते. रस्ते, बंधारे, शाळाखोल्या, शववाहिका यांच्यासाठी रकमा ठरतात. त्या यादीत 'मानसिक आरोग्याची तातडीची सेवा' असे स्वतंत्र लेखाशीर्ष असावे, अशी मागणी ग्रामसभांनी, पंचायत समित्यांनी, महिला मंडळांनी करायला काय हरकत आहे? मागणी मोठी नाही. १०८ च्या गाडीतल्या माणसांना प्रशिक्षण. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठरलेली औषधे आणि ती द्यायला शिकलेला एक तरी डॉक्टर. त्या डॉक्टरला रात्री केव्हाही विचारता येईल असा अंबाजोगाईच्या तज्ज्ञांचा फोन. उपजिल्हा रुग्णालयात दोन-चार खाटा, जिथे रुग्णाबरोबर आईला झोपता येईल. प्रत्येक ठाण्यात शंभराव्या कलमाचा मराठी तक्ता. आणि जो खर्च होईल त्याचा हिशेब दरवर्षी गावापुढे.

परवा त्या वस्तीवर पुन्हा गेलो होतो. मुलगा धारा काढत होता. रात्रीची एक गोळी चालू आहे, विहिरीच्या हाका थांबल्या आहेत, लग्नाचे पाहताहेत असे आईने हळूच सांगितले. शेळ्या काही परत आल्या नाहीत. बापाला मी कायदा समजावून सांगितला. १०८ ची गाडी त्याच्या मुलाचीही होती, त्याला तिच्यावर हक्क होता, हे सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"म्हंजे त्या राती फोन केला असता, तर ती गाडी आली असती?"

"कायद्याने यायला हवी," मी म्हणालो.

"कायद्यानं न्हाई हो," तो म्हणाला, "खरंच आली असती का?"